पूर्ण मात्रा

भाच्याचं पत्र आलं तेव्हा मी ते दारातच उभ्यानं वाचलं आणि पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवलं, जणू ते शेजाऱ्याचं होतं आणि माझ्या हातून चुकून फोडलं गेलं. उत्तर लिहिलं नाही. मी पत्रांना उत्तरं न देणारा माणूस नाही. पाणी खात्याच्या छापील सूचनेलाही मी दोन ओळी आभाराच्या पाठवत असे, आणि बायको होती तोवर त्यावरून माझी यथेच्छ थट्टा होत असे. पण हे पत्र टेबलावर तसंच पडून राहिलं. त्याच्यावर वर्तमानपत्रं आली, चष्म्याचं घर आलं, औषधाची बाटली आली. तरी ते नेमकं कुठं आहे हे मला तिकडे न बघताही कळत होतं.

पत्र लहान होतं.

'मामा, डॉक्टरीणबाईंनी काल सांगितलं. मला पूर्ण मात्रा मिळाली होती. म्हणजे आता तेही झालं. आई म्हणते ठिबक घेऊन बघ. मला आता कुठं जायचाच कंटाळा आलाय. तुम्ही सगळं वाचलेलं आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. ठिबक घेऊ, की पुरे आता? एका ओळीत सांगा. कारणं नकोत, तुमची कारणं मला पाठ आहेत. तुम्ही पुरे म्हणालात तर आईला सांगता येईल की मामासुद्धा पुरे म्हणाले.'

'पुरे' म्हणजे काय ते त्यानं लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

तो फोन करत नाही आणि उचलत नाही, म्हणून पत्र. माझा भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. या कामाला दोघांची जोडी लागते, एक वर यंत्राच्या खोलीत आणि एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या कानाला फोन. एका कचेरीच्या इमारतीत हा वर होता, जोडीदार खाली. ब्रेकनं दगा दिला, लिफ्ट खाली जोडीदारावर आली. फोन चालू होता. हा वरून ऐकत राहिला. पुढं चौकशी झाली, त्याची काही चूक नाही असा निर्णय झाला, कंपनीनं तसं लेखी दिलं. तो कागद माझ्या बहिणीनं कपाटात जपून ठेवला आहे. ज्याच्यासाठी जपला त्यानं तो एकदाही मागितला नाही.

त्याला चारेक वर्षं झाली. त्या अवधीत त्यानं गोळ्या घेतल्या, बदलल्या, वाढवल्या. एकीनं झोप आली पण तो दिवसभर भिंतीकडे बघायचा. दुसरीनं हात थरथरायचे. तिसरी त्यातल्या त्यात बरी होती. तिच्यावर तो उठायचा, दाढी करायचा, जेवायचा, आणि मग पुन्हा बसायचा. 'बरं वाटतं का?' असं कुणी विचारलं की म्हणायचा, "वाटतच नाही, मग बरं काय आणि वाईट काय."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यांचा गैरसमज माझ्याबद्दलच होता. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथं वैद्यकीची पाठ्यपुस्तकं छापली जात. त्यामुळे मनाच्या आजारांवरची जाडजूड पुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, काहींच्या तर सात-आठ आवृत्त्या, वाचलेली आहेत. पण मी ती वाचली ती स्वल्पविरामांसाठी. ओळीत अक्षर उलटं पडलंय का, तक्त्यातला आकडा मजकुरातल्या आकड्याशी जुळतो का, एवढंच माझं काम. अर्थ माझ्या अंगावरून गेला तो गेलाच, थोडा कपड्यांना चिकटला असेल. तेवढ्यावर घरात माझं नाव 'डॉक्टर' पडलं. थट्टेनंच पडलं, पण घरात कुणी आजारी पडलं की थट्टा बाजूला राहायची आणि नाव उरायचं.

तेव्हा गोळ्यांनी काही होत नाही म्हटल्यावर मला बोलावणं आलं. बहिणीच्या घरी, जेवायच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. माझी ही धाकटी बहीण. तिला अजूनही सगळे बेबी म्हणतात. साठी उलटली, गुडघे गेले, पण नाव बेबी.

"बोला डॉक्टर," ती म्हणाली. "पुस्तकात काय काय आहे ते मांडा. आणि दादा, 'एकीकडे असं आणि दुसरीकडे तसं' करू नकोस. मला एकच कड पाहिजे."

मी कागद काढला. माझ्याकडे कागद होता, अर्थातच. म्हटलं, तीन गोष्टी ऐकिवात आहेत. पहिली, शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीसाठी वापरतात त्यातलंच एक औषध, केटामीन. ते थोड्या मात्रेत शिरेतून ठिबकत देतात. काहींना एका दिवसात हलकं वाटतं. पण ते ओसरतं, मग पुन्हा जावं लागतं, आणि पुन्हा. दुसरी, एका जातीच्या भूछत्रातून काढलेलं द्रव्य. त्याची कॅप्सूल देतात, डोळ्यांवर पट्टी बांधून, गाणी लावून दिवसभर निजवतात, शेजारी दोन माणसं बसून असतात. ते मिळतं फक्त प्रयोगात, आणि तसा एक प्रयोग इथल्या रुग्णालयात एका डॉक्टरीणबाईंकडे चालू आहे. तिसरी, तरुण मुलं रात्रभर नाचताना घेतात ती गोळी. मनावरच्या जुन्या घावासाठी तिचे प्रयोग झालेत, पण त्यावरून तज्ज्ञांत भांडण आहे.

भाचा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे एकात मला भूल देणार, दुसऱ्यात भूछत्र खायला घालणार, आणि तिसऱ्यात नाचायला नेणार."

"तिसरं इथं मिळत नाही," मी म्हटलं.

"हत्तेरी! माझं नाचायचं तेवढं राहिलं होतं."

बेबी हसली. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असेल. मलाही उगाच धीर आला, आणि त्या धीरात मी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. मत दिलं. म्हटलं, मला विचाराल तर दुसरं. ठिबक म्हणजे पुन्हा पुन्हा जिने चढणं आलं, तो लिफ्टमध्ये तर पाय ठेवत नाही. शिवाय तिथं सुई लावून माणूस निघून जातो. इथं दोघं जण दिवसभर शेजारी बसणार आहेत. मला ते बसणं महत्त्वाचं वाटलं. ते शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे की एकट्यानं राहून राहून मला तसं वाटतं, हे मी तेव्हा तपासलं नाही.

"पण," मी पुढं म्हटलं.

"आला!" बेबी म्हणाली. "मी वाटच बघत होते."

'पण' दोन होते. प्रयोगात अर्ध्यांना पूर्ण मात्रा आणि अर्ध्यांना नावापुरती मात्रा. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत देणाऱ्यालाही कळत नाही. आणि आधीची गोळी हळूहळू कमी करत पूर्ण बंद करावी लागते.

"बंद?" बेबीनं विचारलं. "जेवढं चाललंय तेवढंही बंद?"

"डॉक्टरांच्या देखरेखीत," मी म्हटलं.

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्ही स्वतः असता तर घेतलं असतं?"

मी हो म्हटलं. त्याला बहुतेक तेवढंच हवं होतं.

गोळी कमी होऊ लागली तेव्हा मी बेबीला फोनवर सगळं समजावलं. समजावलं म्हणजे वाचून दाखवलं. गोळी सोडताना माणूस खचतो, चिडतो, रडतो, कधी जिवावर उदार होतो, त्याच्यावर नजर ठेव, गच्चीचं दार बंद ठेव. तिनं एकदाही मध्ये थट्टा केली नाही. फोन ठेवताना मला वाटलं, चला, आपलं काम आपण नीट केलं. मी फक्त तिला भीती दिली होती, आणि त्या भीतीचं काय करायचं ते मात्र सांगितलं नव्हतं.

कॅप्सूलच्या दिवशी मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर बाकावर बसून होतो. ती खोली पाचव्या मजल्यावर. तो सकाळी जिन्यानं चढून गेला, संध्याकाळी कठडा धरत आईबरोबर जिन्यानंच उतरला. मी उठून उभा राहिलो. काय विचारावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "काय दिसलं?"

"पट्टी."

"म्हणजे?"

"डोळ्यांवर पट्टी होती ना, ती दिसली. दिवसभर." मग त्याला माझी दया आली असावी. "एकदा गाणं जरा लांबून आल्यासारखं वाटलं, मामा. पण कुणीतरी आवाज कमी केला असेल."

शेजारी बसणाऱ्या दोघांबद्दल मात्र तो चांगलं बोलला. म्हणाला, त्यातल्या एकाच्या पोटात दिवसभर गुरगुरत होतं, बिचारा उठून खायलाही गेला नाही.

त्यानंतरचे महिने चमत्कारिक होते. आम्ही तिघंही मनोमन एकच गोष्ट मागत होतो, की आपली फसवणूक झालेली असू दे. त्याला नावापुरतीच मात्रा मिळालेली असू दे, कारण तशा लोकांना प्रयोग संपल्यावर पूर्ण मात्रा देणार होते. म्हणजे खरं औषध अजून बाकी, आशा बाकी. "नावाचीच होती," बेबी भाजी चिरता चिरता म्हणायची, "खरी असती तर काहीतरी झालं असतं ना, अगदी उलटी तरी." भाचाही हो म्हणायचा. त्या महिन्यांत तो थोडा बराही दिसायचा. ज्या औषधानं काही केलं नव्हतं त्याचीच वाट बघण्यानं तो उठून बसला होता.

त्याच दिवसांत मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर बेबी ओट्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. काहीतरी वाटत होती, चमच्याच्या पाठीनं, बशीत. पांढरी पूड. ती तिनं दुधाच्या पेल्यात ढकलली, वर साखर घातली, आणि ढवळताना वळली.

"काय गं ते?"

"साखर."

"साखर नंतर घातलीस."

ती पेला ढवळत राहिली. ओट्यावर गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी. तिच्यावरचं नाव मी ओळखलं. नावं मला बरोबर लक्षात राहतात.

"बेबी, ही गोळी बंद झाली होती."

"त्यानं बंद केली. मी नाही."

"म्हणजे मध्ये... कॅप्सूलच्या आधीसुद्धा?"

तिनं पेल्यावर बशी झाकली. आवाज इतका खाली आणला की मला जवळ जावं लागलं. "गोळी निम्मी झाली त्या आठवड्यात तो बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. खाली बघत. चौथा मजला आहे आपला, माहितीये ना? मी हाक मारली तर म्हणाला, काही नाही, मोजतोय. काय मोजतोस म्हटलं, तर बोललाच नाही. तूच सांगितलं होतंस ना, गोळी सोडली की माणूस जिवावर उदार होतो? मग? मी काय करायचं होतं, बघत बसायचं?"

"डॉक्टरीणबाईंना सांगायचं."

"आणि त्यांनी त्याला काढून टाकलं असतं. तो त्या कॅप्सूलवर डोळे लावून बसला होता. दोन्ही पाहिजे होतं मला, दादा. त्याची कॅप्सूलही आणि तोही."

मी तिला त्या वेळी सांगायला हवं होतं. मी वाचलं होतं की जुनी गोळी अंगात असेल तर कॅप्सूलचा परिणाम बोथट होऊ शकतो. म्हणून तर ती बंद करायला लावतात. पण मी गप्प राहिलो. स्वतःची समजूत घातली की मात्रा नावाचीच असेल, मग कशानं काय बोथट होणार. तिनं पेला उचलला आणि आत घेऊन गेली. तो दूध प्यायला. "साखर जास्त झाली," एवढंच म्हणाला.

आणि मग ते पत्र आलं. पूर्ण मात्रा.

पत्र टेबलावर आणि मी त्याच्याभोवती. वाचनालयात गेलो, नवे निबंध काढले. एका निबंधात जुनी गोळी परिणाम मारते असं होतं. दुसऱ्यात फारसा फरक पडत नाही असं होतं. तिसऱ्यात आणखी संशोधन हवं असं होतं. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा तपासलं होतं की त्यात कधी चूकसुद्धा सापडत नसे. शेवटी धीर करून डॉक्टरीणबाईंना फोन केला. नाव सांगितलं आणि म्हटलं, सहज एक शंका आहे, वाचता वाचता आली.

त्यांनी ऐकून घेतलं. "असं कुणी केलं असेल तर त्या माणसाच्या बाबतीत कॅप्सूलची परीक्षा झालीच नाही असं धरावं लागेल. लागू पडली असती की नसती, कुणी सांगू शकणार नाही."

"आणि त्याला पुन्हा देता येईल?"

"नाही. नियम मोडला म्हणजे तो बाद. आणि आता इथली भरतीही संपली. प्रयोगाबाहेर ते औषध मिळत नाही." मग जरा थांबून, "तुम्ही का विचारताय?"

"वाचत होतो."

"फार वाचता तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

म्हणजे खरं सांगितलं तरी दार बंद, न सांगितलं तरी दार बंद. फरक एवढाच की न सांगितलं तर तो समजणार, जगातलं सगळ्यात नवं औषध पूर्ण मात्रेत घेतलं आणि आपल्यात काही उरलंच नाही म्हणून काही झालं नाही. आणि सांगितलं तर त्याला कळणार की ज्या हातचं तो खातो त्या हातानं त्याला फसवलं. तो दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. बेबी माझ्याकडे दोन दिवस राहायला आली होती तेव्हा तो दोन दिवस पाण्यावर होता.

मी बेबीकडे गेलो. लिफ्ट चालू होती, पण त्या इमारतीत तिच्यात बसायला मला लाज वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या पायरीवर भाचा बसला होता. हल्ली दुपारी तो तिथंच बसतो. पायात चपला, दाढी वाढलेली, हातात काही नाही.

"मामा, पत्र मिळालं?"

"मिळालं रे."

"मग?"

"अरे, त्याचं असं आहे की..."

"लिहूनच द्या," तो म्हणाला, आणि मला जाता यावं म्हणून त्यानं गुडघे बाजूला घेतले. "तोंडी तुम्ही 'पण' फार लावता."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं मनात आलं. पस्तिशी ओलांडलेला पुरुष, काय म्हणेल, म्हणून हात कठड्यावरच ठेवून वर गेलो.

बेबीनं माझा चेहरा बघूनच स्वयंपाकघराचं दार लोटलं. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी काही न वाचता. ती खुर्चीवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

"म्हणजे मी मारलं ते औषध."

"असं नक्की नाही म्हणता येत. कदाचित..."

"दादा, आज नको. आज एकदा तरी सरळ बोल. मी मारलं?"

"कळायला मार्ग नाही. हे सरळच आहे, बेबी. यापेक्षा सरळ माझ्याकडे नाही."

बाहेरच्या पायऱ्यांवर कुणीतरी चढत गेलं, त्याला वाट द्यायला भाचा सरकल्याचा आवाज आला.

"नको सांगूस त्याला," ती म्हणाली.

"त्याला वाटतंय तो हरला. त्यानं मला विचारलंय पुरे का म्हणून."

"पुरे? असं लिहिलंय त्यानं?"

मी मान डोलावली. तिला पत्रातला तो शब्द ठाऊक नव्हता. तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, ते जागचे हलू नयेत अशा बेतानं.

"तो माझ्या हातचं खातो रे. बाकी काय करतो दिवसभरात? जिन्यावर बसतो आणि माझ्या हातचं खातो. तेही घालवू? मग ठेवू कसा त्याला?"

"पण त्याला कळायला हवं की परीक्षाच झाली नाही. एवढं तरी. ठिबकाला तो जाईल मग, कदाचित."

"ठिबकानं होईल?"

"काहींना होतं. थोडे दिवस."

"थोडे दिवस," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, जणू टेबलाला सांगते आहे असं, "तुझ्यावर रागावला तर काय बिघडणारे? तू महिन्यातून एकदा येतोस."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, पुडीचा दोष मी माझ्या अंगावर घ्यावा असं ती म्हणत होती. ती वाईटपणे बोलली नव्हती. तिनं हिशेब केला होता, कुणाचा हात तुटला तर घर चालेल याचा, आणि तो बरोबर होता. मलाच तो आधी सुचायला हवा होता. मी बुद्धिवान असतो तर सुचला असता.

"बरं," मी म्हटलं. "पण ती पूड बंद. आजपासून. गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली, त्याला दाखवून."

"बंदच केली मी."

"कधी?"

"केली म्हटलं ना."

मी ओट्याकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. डबे ओळीत होते, झाकणं घट्ट होती. मी एकही उघडून बघितलं नाही.

जाताना तो पायरीवरच होता. "लिहितो," मी म्हटलं. तो म्हणाला, "सावकाश, काही घाई नाही." ते ऐकून मी सरळ घरी न जाता टपाल कचेरीत गेलो. तिथं भिंतीला लागून एक उतरती फळी आहे, उभ्यानं लिहिण्यासाठी. फळीला दोऱ्यानं पेन बांधलेलं असतं, ते चालत नव्हतं. माझं काढलं. शेजारी एक बाई मोठ्या खोक्यावर पत्ता लिहीत होती आणि दर शब्दाला 'हं' म्हणत होती.

सुरुवातीला मी कारणं लिहिली. ती फाडली. दुसऱ्यांदा 'तुझ्या आईनं' इथवर आलो आणि तेही फाडलं. मग लिहिलं ते असं.

'ठिबक घे. तू एक ओळ मागितली होतीस, ती ही. पुढचं वाच किंवा वाचू नकोस.

कॅप्सूलची तुझ्यावर परीक्षा झालीच नाही. तुझ्या दुधात जुनी गोळी जात होती, कॅप्सूलच्या आधी आणि नंतरही. ती असताना कॅप्सूल लागू पडते की नाही, कुणालाच सांगता येत नाही. ती घालायला मी सांगितलं. तुझी आई नको म्हणत होती, मी भीती घालून तिला भाग पाडलं. मला वाटलं मला कळतं. हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. ते औषध तुला पुन्हा मिळणार नाही, मी विचारलं आहे. ठिबकानं किती दिवस बरं वाटेल मला माहीत नाही. वाटेल की नाही तेही माहीत नाही. तरी घे. मला तू पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल. आईच्या हातचं जेवत जा.

पुरे म्हणायला मी तयार नाही.

मामा.'

वाचून पाहिलं. यातलं अर्धं खोटं होतं आणि कुठलं अर्धं ते मला लिहिताना जितकं स्पष्ट होतं तितकं वाचताना राहिलं नाही. भीती मी घातली होती हे तर खरंच. आता ज्या एका माणसाचं त्यानं काही मानलं होतं त्याचंही तो मानणार नाही, आणि मग त्याच माणसाचं 'ठिबक घे' तो का ऐकेल? हे मला फळीपाशीच उमगलं. त्यावर उपाय सुचला नाही. दुसरं कुठलंही पत्र लिहिलं तरी त्याच्यातून काहीतरी असंच गळत होतं.

"हं," शेजारची बाई म्हणाली, "झालं बाई एकदाचं," आणि खोकं उचलून रांगेत उभी राहिली.

मी पाकीट बंद केलं, पत्ता लिहिला. चौथा मजला हे शब्द जरा वाकडे आले, ते तसेच राहू दिले. तिकीट लावलं. पेटी दाराबाहेर होती, तिच्या तोंडाशी गंज होता. पाकीट अर्धं आत घातल्यावर मी थोडा वेळ ते धरून उभा राहिलो. मागं एक माणूस आपलं पत्र घेऊन थांबला होता. "होऊ द्या आजोबा," तो म्हणाला. मी सोडलं.